ग्रीकांचे ग्रंथ कोणाच्या बाजूने वाचावेत?

आपली मुलेमुली आज महाविद्यालयांत जातात. वाङ्मय, नाट्य, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान यांपैकी कोणताही विषय त्यांनी घेतला तरी पहिल्याच वर्षी त्यांची ग्रीसशी गाठ पडते. होमरची महाकाव्ये, सोफोक्लीज आणि युरिपिडीज यांच्या शोकांतिका, हेरोडोटस आणि थ्युसिडिडीज यांचे इतिहास, ॲरिस्टॉटलचे राज्यशास्त्र हे सारे त्यांच्यापुढे येते. आणि त्याबरोबर एक सूचनाही येते : हे मानवी प्रतिभेचे शिखर आहे, येथे शंका घेणे हे अरसिकतेचे लक्षण होय, मस्तक नमवा आणि पुढे चला.

ग्रंथापुढे मस्तक नमवा, ही आज्ञा आपल्या समाजाने पूर्वीही ऐकलेली आहे. तेव्हा ती दुसऱ्या कोणत्या भाषेत पुन्हा ऐकू आली की आपण सावध झालेच पाहिजे. ग्रीक ग्रंथ वाचू नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ते जरूर वाचावेत, मन लावून वाचावेत. परंतु ते कोणाच्या बाजूने वाचावेत, हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहो. कारण आधुनिक काळातील बहुतेक वाचकांनी हे ग्रंथ राजाच्या बाजूने, वीराच्या बाजूने, धन्याच्या बाजूने वाचले. आणि ज्यांना मार बसला, ज्यांना फास लागला, ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्याकडे पाहण्याचे टाळण्यासाठी चार बहाणे तयार केले. त्या चारही बहाण्यांचा समाचार घेणे अवश्य आहे.

काळाचा बहाणा

पहिला बहाणा असा की, प्राचीन काळाला आजचे माप लावू नये. त्या काळी सगळीकडेच गुलामगिरी होती, ती अयोग्य आहे असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, मग ग्रीकांना दोष कसा देता? हा युक्तिवाद ऐकावयास मोठा समंजस वाटतो. पण तो खरा आहे काय?

ॲरिस्टॉटलचेच साक्षीपत्र काढू या. आपल्या राज्यशास्त्राच्या पहिल्या भागात तो काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन करतो. गुलाम म्हणजे जिवंत हत्यार अशी त्याची व्याख्या आहे. पण हे प्रतिपादन करण्यापूर्वी तो एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. धनी आणि गुलाम हा भेद निसर्गाने केलेला नसून केवळ कायद्याने केलेला आहे, तो बळावर उभा आहे आणि म्हणून अन्याय्य आहे, असे म्हणणारे लोक आहेत, हे तो स्वतःच सांगतो. अल्किडामस नावाचा वक्ता त्याच शतकातला. ईश्वराने सर्वांना मोकळे सोडले आहे, निसर्गाने कोणालाही गुलाम केलेले नाही, या अर्थाचे त्याचे म्हणणे ॲरिस्टॉटलच्याच ग्रंथावरील एका जुन्या टीपेत टिकून राहिले आहे. म्हणजे, कोणाच्या स्वप्नातही नव्हते हे विधान साफ खोटे आहे. प्रश्न त्याच काळी विचारला गेला होता. ॲरिस्टॉटलने तो ऐकला होता आणि ऐकून धन्याची बाजू घेतली होती. आजचे माप लावू नका म्हणता ना? ठीक आहे, आम्ही त्या काळचेच माप लावतो. त्या मापानेही तो उणाच पडतो.

आणखी एक गंमत पाहा. इ. स. १५५० व १५५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे एक मोठा वाद झाला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर तलवारीने राज्य लादणे न्याय्य आहे की नाही, हा वादाचा विषय. लास कासास हा धर्मगुरू त्या रहिवाशांच्या बाजूने उभा राहिला. उलट बाजूने सेपुल्वेदा नावाचा पंडित उभा राहिला आणि त्याने हातात घेतले ते ॲरिस्टॉटलचे ‘निसर्गतः गुलाम’ हेच शस्त्र. ॲरिस्टॉटलला मरून तेव्हा अठराशेहून अधिक वर्षे झाली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या मालकांचे वकीलही याच वाटेने गेले. ग्रंथाचा अधिकार गाजवावयाचा असला म्हणजे तो सनातन, आणि ग्रंथाला जाब विचारला म्हणजे तो बिचारा जुन्या काळचा! ही चलाखी आपणांस नवी नाही. मनुस्मृतीच्या कैवाऱ्यांनी हीच भाषा आपल्या तोंडावर किती वेळा फेकली आहे, हे आठवून पाहा.

सौंदर्याचा बहाणा

दुसरा बहाणा रसिकांचा. काव्य हे काव्य म्हणून वाचावे, त्यात न्यायनिवाडा आणू नये, असे ते म्हणतात. मग काव्यच वाचू.

‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात सैन्याची सभा भरलेली आहे. तेथे थर्सायटीज नावाचा एक सामान्य मनुष्य उठतो. कवी त्याचे वर्णन करतो ते असे : पाय फेंगडे, एका पायाने लंगडा, खांदे आत वळलेले, डोके निमुळते, केस विरळ. तो बोलतो काय? लूट राजाच्या तंबूत जाते, सुंदर स्त्रिया राजाच्या वाट्याला येतात आणि मरतो आम्ही. चला, घरी जाऊ या. हीच तक्रार पहिल्या सर्गात अकिलीजने केली होती, अधिक कडक शब्दांत केली होती. पण अकिलीज देवीचा पुत्र, म्हणून तो त्याचा स्वाभिमान ठरला. थर्सायटीज सामान्य, म्हणून तो त्याचा उद्धटपणा ठरला. ओडिसियस राजदंडाने त्याच्या पाठीवर रक्ताळलेला वळ उठवितो, थर्सायटीजच्या डोळ्यांत पाणी येते आणि सारे सैन्य हसते.

त्या हसण्यात पुढे शतकानुशतके वाचकही सामील झाले. त्याचे नाव शिवराळपणाला पर्याय झाले. हेगेलसारख्या जर्मन तत्त्ववेत्त्याने त्याला थोरांचा मत्सर करणाऱ्या क्षुद्रांचा कायमचा नमुना ठरविले. विचार करा, शब्द तेच असताना एकाला वीर आणि दुसऱ्याला वाचाळ ठरविणे, हा न्यायनिवाडा नव्हे तर काय? न्यायनिवाडा काव्यात आहेच. कवीने तो केला, वाचकाने तो मान्य केला. फक्त आपण फेरतपासणी मागितली की ते अरसिकपण!

‘ओडिसी’चा बावीसावा सर्ग याहून भयंकर आहे. ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो आणि पत्नीला मागणी घालणाऱ्या सरदारांना ठार करतो. त्याच्या वाड्यात पन्नास दासी आहेत. त्यांपैकी बारा जणींवर त्या सरदारांशी संबंध ठेवल्याचा ठपका येतो. त्यांना आधी प्रेते बाहेर वाहून न्यावयास लावतात, मग दालनातले रक्त धुवावयास लावतात आणि मग त्याचा पुत्र टेलिमाखस त्यांना अंगणात नेऊन जहाजाच्या एका दोरखंडावर ओळीने फाशी देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा कवी येथे देतो. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढे सांगतो आणि पुढे जातो.

या बायकांना नकार देण्याचा अधिकार होता काय? ज्यांच्या देहावर त्यांची स्वतःचीच मालकी नव्हती, त्यांनी वाड्यात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या शस्त्रधारी सरदारांना काय म्हणावयाचे होते? हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाषांतरकारांना पडला नाही. इंग्रजी भाषांतरांत त्या बहुधा ‘मेड’ झाल्या, म्हणजे आपल्या बोलीत मोलकरणी. मोलकरणीला पगार असतो, ती काम सोडून जाऊ शकते. मूळ ग्रीक शब्दाला मराठीत नेमका शब्द आहे तो बटीक, कुणबीण. पेशवाईत ज्यांची खरेदी-विक्री होत असे त्यांना आपण मोलकरणी म्हणत नाही. इतकेच नव्हे, तर फाशीपूर्वीच्या टेलिमाखसच्या भाषणात काही आधुनिक भाषांतरकारांनी वेश्या या अर्थाच्या शिव्या घातल्या. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी शिवी नाही. ‘ज्यांनी’ असे साधे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. होमरने न दिलेली शिवी विसाव्या शतकातील विद्वानांनी आपल्या पदरची दिली, ती का? बारा जणींचा फास वाचकाला टोचू नये म्हणूनच ना?

इ. स. २०१७ मध्ये एमिली विल्सन यांचे ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. संपूर्ण ‘ओडिसी’ इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणारी ही पहिली स्त्री. तिने गुलामाला गुलाम म्हटले आणि ती शिवी काढून टाकली. त्यापूर्वी, इ. स. २००५ मध्ये, मार्गारेट ॲटवुड या कॅनडातील लेखिकेने आपल्या ‘पेनेलोपियाड’मध्ये त्या बारा जणींना समूहाने बोलते केले. हे पाहून पुष्कळांना वाटले की अभिजात ग्रंथात राजकारण घुसविले जात आहे. आम्ही म्हणतो, राजकारण पूर्वीच घुसलेले होते. ते या स्त्रियांनी बाहेर काढले.

शौर्याचा बहाणा

तिसरा बहाणा स्पार्टाचा. थर्मापिलीच्या खिंडीत इ. स. पूर्व ४८० मध्ये तीनशे स्पार्टन इराणच्या अफाट सैन्यापुढे उभे राहिले आणि स्वातंत्र्यासाठी मेले, ही कथा जगभर गाजते आहे. इ. स. २००६ मध्ये ‘३००’ नावाचा चित्रपट निघाला. आपल्यातील कित्येक तरुणांनीही तो पाहिला असेल आणि त्यातील स्वातंत्र्याच्या गर्जनांनी त्यांचे रक्त सळसळले असेल.

त्या तरुणांना आम्ही विचारतो, स्पार्टातील शेते कोण नांगरीत होते? हेलोट. लॅकोनिया आणि मेसेनिया येथील जित लोकांना स्पार्टाने पिढीजात भूदास करून ठेवले होते. जन्माने हेलोट तो मरेपर्यंत हेलोट. ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लुटार्क सांगतो की, स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी पद ग्रहण करताच हेलोटांविरुद्ध युद्ध पुकारीत. हेतू हा की, हेलोटाला मारल्याचे पाप लागू नये. थ्युसिडिडीजने चौथ्या खंडात याहून काळी हकीकत दिली आहे. युद्धात सर्वांत पराक्रमी ठरलेल्या हेलोटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, असे स्पार्टाने जाहीर केले. सुमारे दोन हजार निवडले गेले, त्यांच्या डोक्यावर पुष्पमुकुट घातले गेले, त्यांनी देवळांना प्रदक्षिणा घातल्या. आणि थोड्याच दिवसांत ते सर्व नाहीसे झाले. कसे मारले, हे कोणालाही कळले नाही. जो सर्वांत आधी पुढे येईल तोच उद्या आपल्यावर उठेल, हा स्पार्टाचा हिशेब होता.

आणि थर्मापिली? तेथे केवळ स्पार्टन मेले नाहीत. सातशे थेस्पियनांनीही तेथे शेवटपर्यंत ठाण धरले. शिवाय रणांगणावरील प्रेतांत हेलोटही होते, असे हेरोडोटस आठव्या खंडात स्पष्ट सांगतो. पाहावयास आलेल्यांना मात्र ती सारी प्रेते स्पार्टन आणि थेस्पियन यांचीच वाटली. पुढल्या वर्षी प्लाटियाच्या लढाईत पाच हजार स्पार्टनांबरोबर पस्तीस हजार हेलोट होते, एकामागे सात, हाही हेरोडोटसचाच आकडा. आज पुतळे तीनशेंचे. प्रेते मोजणारा इतिहासकार हेलोटाला मोजतो, आणि अडीच हजार वर्षांनंतरचा प्रेक्षक त्याला मोजीत नाही. मग मागासलेला कोण?

दैवाचा बहाणा

चौथा बहाणा सर्वांत लबाड आहे. ग्रीक शोकांतिका माणसाला दैवापुढे नम्र व्हावयास शिकविते, असे सांगितले जाते. उदाहरण बहुधा ‘राजा इडिपस’चे. बाप मारला जाणे आणि आईशी विवाह होणे अटळ होते, कोणाचा दोष नाही, दैव बलवत्तर.

नाटक उघडून पाहा. जन्मलेल्या बालकाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून यावे, हा हुकूम दैवाने दिला नाही, राजवाड्याने दिला. तो पार पाडण्याचे काम एका धनगराकडे आले, आणि हा धनगर विकत घेतलेला नव्हे, तर त्या घरातच वाढलेला गुलाम होता. त्याला दया आली. त्याने मूल मारले नाही, दुसऱ्या धनगराच्या हाती दिले. साऱ्या नाटकात निर्भेळ करुणेचे कृत्य असेल तर ते हे एकच, आणि ते एका गुलामाचे आहे. वर्षांनंतर राजा इडिपस सत्य शोधू लागतो तेव्हा या म्हाताऱ्याला पकडून आणतात. तो बोलेना, तेव्हा राजा त्याचे हात पाठीमागे पिरगाळण्याचा हुकूम सोडतो. प्रेक्षकांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष सामान्यतः छळ करूनच ग्राह्य धरीत.

डॉ. फ्रॉइड यांनी इ. स. १९०० च्या सुमारास या राजाच्या मनाचा तळ शोधला आणि त्यावर साऱ्या युरोपात ग्रंथांचे डोंगर उभे राहिले. राजाच्या मनावर एवढी शाई सांडली, तर म्हाताऱ्या धनगराच्या पिरगाळलेल्या हातांसाठी दोन ओळी नकोत काय? दैव हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे हे आपणांस दुसऱ्याने शिकवावयास नको. मागल्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मीची विटंबना, हा हिशेब आपल्या वाडवडिलांनी पाठीवर वाहिला आहे. जेथे हुकूम देणारा मनुष्य समोर उभा आहे तेथे दैवाचे नाव घेणे म्हणजे आरोपीला मागल्या दाराने सोडून देणे होय.

मग हे ग्रंथ जाळावयाचे काय?

कोणी विचारील, महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. मग होमरचे का नाही? उत्तर सरळ आहे. मनुस्मृती जुनी म्हणून जाळली नाही. तिचा अंमल जिवंत माणसांच्या पाण्यावर, वस्त्रांवर, रस्त्यांवर चालू होता म्हणून जाळली. ‘इलियड’चा अंमल आज कोणाच्या विहिरीवर नाही. म्हणून ती जाळावयाची नाही, तपासावयाची आहे.

आणि तपासताना आपणांस असेही दिसेल की, या ग्रंथांच्या भाटांपेक्षा हे ग्रंथ पुष्कळदा अधिक प्रामाणिक आहेत. थर्सायटीजला मार बसला, पण त्याचे भाषण होमरने पुसले नाही. हेलोटांचा विश्वासघात थ्युसिडिडीजने लपविला नाही. याच थ्युसिडिडीजचे उदाहरण घ्या. इ. स. पूर्व ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस या लहानशा बेटाला वेढा घातला. बलवान जे शक्य ते करतो, दुर्बलाने ते सोसावयाचे, असा सिद्धांत अथेन्सच्या वकिलांनी तेथे मांडला. बेट शरण आल्यावर हाती लागलेले प्रौढ पुरुष ठार केले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली आणि पाचशे अथेन्सवासी तेथे वसविले गेले. आज जगातील पुष्कळ मुत्सद्दी हे वचन थ्युसिडिडीजचा उपदेश म्हणून मिरवितात. ते विसरतात की, तो उपदेश नाही, आरोपीचा जबाब आहे. आणि इतिहासकाराने त्याला लागूनच सिसिलीच्या स्वारीची हकीकत ठेवली आहे. तीनच वर्षांत तेच बलवान अथेन्स सिराक्यूज येथे धुळीस मिळाले. सात हजारांहून अधिक कैदी दगडांच्या खाणीत कोंडले गेले. आठ महिने त्यांना दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी आणि अर्धा लिटर धान्य मिळत होते. त्या स्वारीचा सेनापती निकियास तेथेच मारला गेला. हा निकियास कोण? लॉरियमच्या चांदीच्या खाणींत आपले एक हजार गुलाम माणशी रोज एक ओबोल भाड्याने देणारा धनाढ्य! ज्याने हजार माणसे खाणीत गाडली त्याचे सैन्य खाणीत गाडले गेले.

मेलोसच्या संहारानंतर काही महिन्यांतच, इ. स. पूर्व ४१५ च्या वसंतोत्सवात, युरिपिडीजने अथेन्सच्या रंगमंचावर ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक आणले. पुरुष मारले गेले आहेत, राणी हेक्युबा ओडिसियसची बटीक होणार आहे, तिच्या नातवाला तटावरून फेकून देतात. ते मेलोससाठीच लिहिले की कसे, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. प्रेक्षागारातील पुरुषांचे हात मात्र नुकतेच रंगलेले होते. परीक्षकांनी त्याला दुसरे बक्षीस दिले. पण ते नाटक मेले नाही. इ. स. १९६५ मध्ये सार्त्र या फ्रेंच लेखकाने वसाहतींच्या युद्धांवर बोट ठेवीत ते पुन्हा लिहिले, इ. स. २०१३ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे सीरियातून परागंदा झालेल्या स्त्रियांनी ते स्वतःच्या हकिकती मिसळून रंगमंचावर आणले. राणीचे अश्रू त्या स्त्रियांनी आपले केले.

‘अँटिगोनी’विषयी थोडे कडक बोलणे भाग आहे. राजा क्रेऑनची मनाई मोडून ती आपल्या भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि लिखित कायद्याहून श्रेष्ठ असा कायदा आहे असे राजाला ठणकावते. ज्यांच्या मढ्याला गावच्या स्मशानात जागा नाकारली गेली त्यांना तिची बाजू समजावून सांगावी लागत नाही. परंतु तिच्या तोंडी आणखी एक वाक्य आहे आणि तिचे भक्त त्यावरून झपाट्याने पुढे सरकतात. मेला तो कोणी गुलाम नव्हता, भाऊ होता, या अर्थाचे ते आहे. म्हणजे गुलाम मेला असता तर? तो कोल्ह्याकुत्र्यांना गेला असता तरी तिचा श्रेष्ठ कायदा जागा झाला असता काय? हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आणि तरीही, दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावरच्या तुरुंगात काळ्या कैद्यांनी हेच नाटक केले. नेल्सन मंडेला यांनी त्यात क्रेऑनची भूमिका केली आणि अँटिगोनी हीच आमच्या लढ्याचे प्रतीक, असा तिचा अर्थ लावला. इ. स. १९७३ मध्ये ॲथॉल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी ‘द आयलंड’ या नाटकात त्या बेटावरील कैद्यांनाच ‘अँटिगोनी’ करावयास लावले. सोफोक्लीजच्या नायिकेने ज्याला वगळले होते, त्याच दास्यातल्या माणसाने तिचा कायदा स्वतःसाठी मागून घेतला. नाटक त्यांच्या हाती मूळच्यापेक्षा मोठे झाले.

वाचावे ते असे

असे वाचन करणारे आपल्याही घरात झाले आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केलेली आहे, हे आपण जाणता. पण तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर जे वचन आहे ते होमरचे आहे, हे किती जणांच्या लक्षात राहते? दास्य माणसाच्या सद्‌गुणाचा निम्मा वाटा हिरावून नेते, असा त्याचा आशय.

आता हे वचन ‘ओडिसी’त कोठे येते ते पाहा. सतराव्या सर्गात युमेयस नावाचा डुकरे राखणारा गुलाम ते बोलतो. हा युमेयस जन्माने राजपुत्र. लहानपणी त्याला पळवून विकले गेले. धन्याचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर दुर्लक्षित पडला आहे, दासी त्याची निगा राखीत नाहीत, हे पाहून तो दास्यात माणूस कसा बिघडतो ते सांगतो. म्हणजे मूळ ठिकाणी ते वचन गुलामांवरील ठपका आहे, आणि तोही एका गुलामाच्याच तोंडून आलेला. जोतीरावांनी ते उचलले आणि त्याचे टोक फिरविले. गुलामाचे सत्त्व निम्मे झाले असेल तर ते निम्मे चोरले कोणी, हा सवाल त्यांनी भटशाहीला केला. गुलामावरील ठपका त्यांनी धन्यावरील फिर्याद करून टाकला. यालाच आम्ही वाचणे म्हणतो.

डॉ. बाबासाहेबांनी प्लेटोला असेच वाचले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी इ. स. १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी प्लेटोची तीन वर्गांची योजना घेतली. तिला शिवी दिली नाही, तिच्यापुढे हातही जोडले नाहीत. माणसामाणसांतील अगणित भेद तीन कप्प्यांत कोंबता येत नाहीत, हे दाखवून त्यांनी ती योजना आणि चातुर्वर्ण्य दोन्ही एका तर्काने मोडली. अमेरिकेतील विल्यम सँडर्स स्कारबरो याचेही उदाहरण ध्यानात ठेवा. इ. स. १८५२ मध्ये जॉर्जिया राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या या काळ्या माणसाने इ. स. १८८१ मध्ये ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक लिहून प्रसिद्ध केले. निसर्गतः गुलाम या ॲरिस्टॉटलच्या सिद्धांताला ॲरिस्टॉटलच्याच भाषेच्या व्याकरणाने दिलेले ते उत्तर होते.

शेवटी भगवान बुद्धांनी ग्रीकांचे उदाहरण कसे वापरले ते सांगतो. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात जातीचा अभिमान बाळगणाऱ्या तरुण ब्राह्मणाला भगवान विचारतात की, योन आणि कंबोज या देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास. तेथे आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस ना? योन म्हणजे यवन, ग्रीक. तरुणाला हो म्हणावे लागते, आणि ब्राह्मण जन्मानेच श्रेष्ठ हा त्याचा दावा तेथेच खचतो. भगवानांनी ग्रीकांची स्तुती केली नाही, निंदाही केली नाही. जे नाते तुम्ही अनादि मानता ते दुसऱ्या देशात उलटे होते, म्हणून ते माणसाचे केलेले आहे, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला. आणि हेक्युबा राणीची बटीक होणे, युमेयस राजपुत्राने डुकरे राखणे, अथेन्सच्या नागरिकांनी सिराक्यूजच्या खाणीत तहानेने मरणे, हे त्या एका वाक्याचेच दाखले नव्हेत काय?

म्हणून, बंधुभगिनींनो, आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती उद्या हे ग्रंथ आले तर त्यांना परावृत्त करू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : या पानावर हुकूम कोणी दिला, मार कोणाला बसला, हसले कोण? ज्यांना नाव नाही ते कितीजण आहेत? भाषांतरकाराने कोणता शब्द गिळला? आणि परीक्षेत ‘इडिपसच्या दैवाची मीमांसा करा’ असा प्रश्न आला, तर मीमांसा करून झाल्यावर त्या म्हाताऱ्या धनगराविषयी एक परिच्छेद जास्तीचा लिहावयास सांगा. गुण एखादा कमी पडला तरी चालेल.